ॲट द रेट आधी, ईमेल नंतर

नागपूरच्या सीताबर्डीतल्या झेरॉक्सच्या दुकानात ईमेल पत्ता सांगायचा झाला की गिऱ्हाईक "ॲट द रेट" म्हणतं. पत्त्यात दर कसला आला, असं नव्या पोरांना वाटतं. पण @ चा मूळ धंदा तोच. इतक्या पेट्या संत्री, पेटीमागे इतक्या दराने, हे इंग्रजी बिलात थोडक्यात लिहायची ती खूण. त्यामुळेच टाइपरायटरवर तिला कळ मिळाली. १९७१ मध्ये अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांना एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप पाठवताना माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव वेगळं ठेवायचं होतं. कुणाच्याच नावात येणार नाही अशी खूण त्यांनी कळांवर शोधली, ती हीच.

माझ्या मते यापेक्षा मोठा इतिहास रोज आपल्या चेकवर असतो. "५००/-" मधली तिरपी रेघ इंग्लंडच्या जुन्या चलनातली: शिलिंग आणि पेन्स यांच्यामध्ये ती यायची, आणि "५/-" म्हणजे पाच शिलिंग, पेन्स काही नाहीत. आपल्याकडे त्याच धर्तीवर "५/८/-" लिहीत, म्हणजे पाच रुपये आठ आणे, पै नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणे-पै गेले. रेघ मात्र कळमना बाजाराच्या पावतीवर आणि कोर्टाच्या अर्जात अजून आहे. आकड्यापुढे कुणी आणखी आकडा घुसवू नये, हे तिचं नवं काम.

# ही अमेरिकेत पौंड वजनाची खूण होती. १९६८ च्या सुमारास * सोबत ती फोनच्या बटणांवर आली आणि आपल्या तोंडी "हॅश" झाली. \ चा व्यापाराशी संबंध नाही. संगणकाच्या चिन्हसंचात ती बॉब बेमर यांनी १९६१ मध्ये आणली, / ला जोडून तर्कशास्त्रातली "आणि", "किंवा" ही चिन्हं उमटावीत म्हणून.

₹ सगळ्यात धाकटं. डी. उदयकुमार यांनी केलेल्या या चिन्हाला केंद्र सरकारने १५ जुलै २०१० ला मान्यता दिली आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या जागतिक अक्षरयादीत, गेलं. कळेवर छापलेलं नसलं तरी विंडोजमध्ये इंग्लिश-इंडिया निवडून उजवा ऑल्ट आणि ४ दाबला की उमटतं.

मराठीत टाइप करणाऱ्यांची अडचण वेगळी, आणि ती शिकवताना आधीच सांगायला हवी. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलकात शिफ्ट धरून २ दाबलं की @ नाही, "बॅट"मधला ॅ येतो. ३ वर # ऐवजी ्र, ७ वर & ऐवजी क्ष. मराठी चिन्हांना आणि जोडाक्षरांना जागा हवी होती म्हणून ही चिन्हं हटवली, ते योग्यच झालं. पण त्यामुळे मराठी अर्जात ईमेल पत्ता आला की भाषा इंग्रजीवर न्यायची, पत्ता टाइप करायचा आणि पुढच्या ओळीआधी परत मराठीवर यायचं.