रिंगण घालून मुक्काम: अमेरिकी ट्रेलर-ताफ्यांच्या तळाची पार्श्वभूमी

एखाद्या गावच्या जत्रेच्या मैदानावर संध्याकाळच्या वेळी पन्नास ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे ओढायची चाकांवरची घरं, येऊन ठेपले, की सगळ्यात आधी सोडवावा लागतो तो प्रश्न एकच: कोण कुठे उभं राहणार? गाडीमागे जोडलेला पंचवीस फुटी ट्रेलर उलटा घेणं हे कौशल्याचं काम आहे. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरची शेपटी उजवीकडे जाते. दिवसभर गाडी चालवून थकलेल्या माणसाला मऊ गवतावर दोन ट्रेलरच्या मधे नेमकं घुसायला सांगितलं, तर पहिल्याच रात्री धक्के बसतात आणि मनंही दुखावतात. म्हणून अमेरिकेतल्या ट्रेलर क्लबांनी तळ लावण्याचं एक शास्त्रच तयार केलं. त्याची मुळं मोटारीच्या जन्माआधीची आहेत.

1843 साली सुमारे हजार माणसं मिसूरीहून ओरेगॉनकडे निघाली. वाट जवळपास 3,200 किलोमीटरची, सगळा प्रवास बैल जुंपलेल्या छपराच्या गाड्यांतून. या तांड्यातल्या गुरांच्या तुकडीचा प्रमुख जेसी अॅपलगेट याने पुढे त्या प्रवासातल्या एका दिवसाचं बारकाईने वर्णन लिहून ठेवलं. त्याच्या सांगण्यानुसार साठ गाड्यांच्या चार-चारच्या पंधरा तुकड्या केलेल्या होत्या. आज पुढे असलेली तुकडी उद्या मागे जायची, म्हणजे धूळ खायची पाळी प्रत्येकावर यायची. संध्याकाळी वाटाड्या जमिनीवर सुमारे शंभर यार्ड (जवळपास 90 मीटर) व्यासाचं वर्तुळ आखून द्यायचा आणि गाड्या त्याच्या मागोमाग त्या रेषेवरून फिरायच्या. अंदाज इतका पक्का, की शेवटची गाडी येऊन नेमकी फट बुजवायची. मग एका गाडीची दांडी पुढच्या गाडीला साखळीने बांधली की कोट तयार. या सगळ्याला दहा मिनिटं पुरायची.

पडद्यावर आपण हे वर्तुळ नेहमी हल्ल्याच्या प्रसंगात पाहिलं आहे. रोजच्या व्यवहारात मात्र त्याचा मोठा उपयोग गुरं आवरायला होता. बैल रात्री भरकटले तर दुसऱ्या दिवशी प्रवासच नाही. वर्तुळ म्हणजे आधी गोठा, आणि वेळ आलीच तर तटबंदी. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण तळाचा आकार गरजेतून येतो आणि गरज बदलली की आकारही बदलतो, हे पुढच्या इतिहासात पुन्हा दिसतं.

ओरेगॉनकडे जाणाऱ्या याच वाटेवर, म्हणजे ओरेगॉन ट्रेलवर, बेकर सिटी नावाचं गाव आहे. तिथे 4 जुलै 1896 रोजी वॉली बायम यांचा जन्म झाला. चकचकीत अॅल्युमिनियमच्या एअरस्ट्रीम ट्रेलरचे ते जनक. कंपनी त्यांनी 1931 मध्ये काढली, आणि रिव्हेट ठोकलेला गोलसर क्लिपर ट्रेलर 1936 मध्ये आला. पण तळाच्या इतिहासात त्यांचं नाव येतं ते 1951 च्या सफरीमुळे. मेक्सिकोमार्गे मध्य अमेरिकेत ट्रेलरचा ताफा नेण्याची त्यांनी घोषणा केली. पस्तीसेक येतील असा अंदाज होता, आले त्रेसष्ट. रस्ते कच्चे, पूल कमकुवत, लोक नवखे. बहुतेक ट्रेलर वाटेतच मागे राहिले. धीर सुटावा असाच अनुभव होता, पण बायम यांनी ताफे काढणं थांबवलं नाही. शिस्त मात्र वाढत गेली.

1955 मध्ये पूर्व कॅनडाच्या सफरीवर असताना नोव्हा स्कोशियातल्या केंटव्हिल इथे या प्रवाशांनी स्वतःचा क्लब स्थापन केला आणि त्याला बायम यांचंच नाव दिलं. प्रत्येक सदस्याला क्रमांक मिळाला. ट्रेलरच्या पुढे-मागे मोठ्या लाल आकड्यांत तो चिकटवायचा, आणि सदस्यांच्या छापील यादीत आकडा शोधला की ट्रेलर कोणाचा ते कळायचं. एकसारख्या चंदेरी ट्रेलरच्या गर्दीत ही फार मोठी सोय होती. पालखीतळावर दिंडीचा क्रमांक जे काम करतो, तेच काम हा लाल आकडा करत होता. निळी बेरेट टोपी ही क्लबची दुसरी खूण.

याच काळात चाकाच्या आकाराचा तळ गाजला. मध्यभागी मोकळी जागा, आणि भोवती आऱ्यांसारखे उभे ट्रेलर. संख्या जास्त असेल तर एकात एक अशी वर्तुळं. 1959-60 मध्ये 41 ट्रेलरचा ताफा केप टाउनहून कैरोपर्यंत गेला. इथिओपियात सम्राट हेले सेलासी यांची भेट झाली आणि शेवटी गिझाच्या पिरॅमिडांजवळ मुक्काम पडला. त्या काळातली उंचावरून घेतलेली चाकासारख्या तळांची छायाचित्रं आजही पाहत राहावीशी वाटतात.

थोडा हिशेब मांडून पाहू. ट्रेलरची रुंदी आठ फूट, दाराबाहेरच्या कापडी छताला आठ, पायरी आणि ये-जा यांसाठी आणखी चार. वर्तुळाच्या आतल्या कडेला प्रत्येकी वीस फूट धरले, तर 41 ट्रेलरना 820 फुटांचा परीघ लागतो, म्हणजे व्यास सुमारे 80 मीटर. अॅपलगेटच्या वर्तुळाच्या जवळपास! आत मात्र आता गुरं नव्हती. तिथे शेकोटी होती, सभा होती, गाणी होती. गोठ्याच्या जागी अंगण आलं.

पण चाकाला जागा फार लागते. ट्रेलरच्या बाहेरच्या टोकांमध्ये पाचरीसारखे तुकडे वाया जातात. सपाट, मोकळं माळरान असेल तरच ते जमतं. खरी अडचण मात्र वीज आणि पाण्याची. सुरुवातीच्या ताफ्यांना दोन्ही मिळत नसे, त्यामुळे ट्रेलरने स्वतःपुरतं सगळं बरोबर बाळगावं, ही गरज पुढे आली. 1957 चं एअरस्ट्रीमचं इंटरनॅशनल मॉडेल याच अनुभवातून आलं: बॅटरीवरचे दिवे, पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी. असा ट्रेलर कुठेही आणि कसाही उभा राहू शकतो. मात्र वार्षिक मेळाव्यांना शेकडो, पुढे हजारो ट्रेलर आठवडाभर थांबू लागले तेव्हा तात्पुरत्या वाहिन्या टाकाव्या लागल्या. नळ आणि तारा सरळ रेषेत टाकणं सोपं असतं. त्या आल्या आणि रांगा आल्या.

रांग म्हणजे विचार संपला, असं मुळीच नाही. अमेरिकी ट्रेलरचं दार उजव्या बाजूला असतं, तर पाण्याची आणि विजेची जोडणी डावीकडे. सगळ्यांनी तोंड एकाच दिशेला केलं की प्रत्येकाच्या दारापुढे अंगण येतं, आणि अंगणापलीकडे शेजाऱ्याची डावी, यंत्रांची बाजू. एकाने जरी उलटं तोंड केलं तर एका ठिकाणी दोन दारं समोरासमोर येतात, दुसऱ्या ठिकाणी कोणालाच अंगण उरत नाही, आणि जोडणीच्या तारा लोकांच्या पायांत येतात. म्हणून फाटकावरचे स्वयंसेवक आलेल्या क्रमाने ट्रेलर आत घेतात, पुढच्या पुढे जाऊन उभे करवतात, शक्यतो कोणाला मागे घ्यायला लावत नाहीत. एका गावचे, एका शाखेचे लोक शेजारी-शेजारी हवे असतील तर ते बाहेर एकत्र जमून एका ओळीने आत येतात. ही पद्धत मला त्या चार-चारच्या तुकड्यांची थेट वारस वाटते.

ब्रिटनमध्ये, जिथे अशा ट्रेलरला कॅराव्हॅन म्हणतात, हीच गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथला कॅराव्हॅन क्लब 1907 चा, घोड्यांनी ओढायच्या गाड्यांच्या काळातला. तिथे अंतराचा नियम आगीच्या धोक्यावर बेतलेला आहे: दोन कॅराव्हॅनमध्ये किमान 6 मीटर, आणि त्यातले 3 मीटर पूर्ण मोकळे. गॅस सिलिंडर, पडदे, लाकूड आणि वारा एकत्र आले तर काय होईल, याचा विचार त्यामागे आहे. अमेरिकेत अंगणाने ठरवलेलं अंतर तिथे आगीने ठरवलं.

अमेरिकेत 1982 च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्गांवर मोठ्या वाहनांना आठऐवजी साडेआठ फूट रुंदीची मुभा मिळाली, आणि पुढे ट्रेलरही रुंद होत गेले. मुक्कामी पोचल्यावर भिंत बाहेर सरकवून खोली मोठी करणारे ट्रेलर आले. त्यामुळे आठ फुटी ट्रेलर मनात धरून जुन्या मैदानांवर आखलेल्या ओळी अपुऱ्या पडतात. मेळाव्याच्या आदल्या दिवशी स्वयंसेवक मोजपट्टी आणि चुन्याची पिशवी घेऊन पुन्हा मैदानात उतरतात, आणि नव्या रेषा मारतात.