एस्टरचा वास आणि त्यामागची दीडशे-दोनशे वर्षं

नागपुरात दहावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला पोरं एस्टर (अल्कोहोल नि अ‍ॅसिड जुळून बनणारं संयुग, सोबत पाणीही तयार होतं) बनवतात, परखनळीत अल्कोहोल नि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, वरून सल्फ्युरिकचे दोन-चार थेंब, गरम पाण्याच्या बीकरमध्ये ठेवायचं, मग सोड्याच्या पाण्यात ओतून वास घ्यायचा. वहीत "गोड, फळासारखा वास" लिहिलं की विषय संपला. पण यातल्या एकेका स्टेपसाठी लोकांनी वर्षं घातलीत, ते शिकवताना सांगायलाच पाहिजे.

सुरुवात 1759 ची. लोरागे नावाच्या फ्रेंच सरदारानं अल्कोहोल नि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड एकत्र ऊर्ध्वपातन करून इथाइल अ‍ॅसिटेट काढलं. 1782 मध्ये स्वीडनच्या शीलेनं दाखवलं की थोडं खनिज आम्ल टाकलं तरच हे नीट जमतं, म्हणजे ते सल्फ्युरिकचे थेंब तिथून आले.

मग 1851, लंडनचं मोठं प्रदर्शन. तिथं नकली फळांचे अर्क मांडले होते, नाशपातीचा वास अमाइल अ‍ॅसिटेटचा, अननसाचा इथाइल ब्युटिरेटचा. आणि बनले कशापासून? अमाइल अल्कोहोल म्हणजे दारूभट्टीचा उग्र वासाचा टाकाऊ माल, ब्युटिरिक अ‍ॅसिड म्हणजे खवट लोण्याचा वास. असल्या घाणेरड्या वासांतून नाशपाती नि अननस निघतात, मला तर रसायनशास्त्रातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. आपल्या संत्र्याचं मात्र वेगळं आहे बरं का, सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांच्या वर लिमोनीन असतं आणि ते एस्टर नाहीच, ऑक्टाइल अ‍ॅसिटेटसारखे एस्टर अगदी थोडे, त्यामुळे एका एस्टरवर केळ्याचा एसेन्स जमून जातो पण अंबिया बहाराचा संत्रा जमत नाही.

खरा प्रश्न वेगळाच होता, रिअ‍ॅक्शन पूर्ण का होत नाही? 1862 मध्ये बेर्तलो आणि पेआं द सें-जिल या दोघांनी समान मोल अल्कोहोल-अ‍ॅसिड घेऊन मोजलं तर दोन-तृतीयांश एस्टर झालं की गाडी थांबते, आणि उलट बाजूनं एस्टर नि पाणी घेऊन निघालं तरी तिथंच येऊन थांबते! हे आकडे नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी वापरले आणि 1864 मध्ये वस्तुमान क्रियेचा नियम मांडला (रिअ‍ॅक्शन कुठं थांबणार ते पदार्थांच्या प्रमाणावर ठरतं, असं सांगणारा). म्हणजे बारावीचा समतोलाचा अख्खा धडा याच मिश्रणातून आला म्हणा ना.

एकदा हे कळलं की उपाय दिसतोच, अल्कोहोल जास्त घाला नाहीतर तयार झालेलं पाणी काढत रहा. 1895 मध्ये फिशर आणि श्पायर यांनी अ‍ॅसिड उत्प्रेरक वापरून जास्तीच्या अल्कोहोलची पद्धत बसवली, आजही तिला फिशरचंच नाव आहे. पाणी बाजूला काढायचं डीन-स्टार्कचं काचेचं उपकरण 1920 चं. आपल्या एलआयटीसारख्या संस्थेत (नागपूरची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून 1942 ला उभी राहिलेली) केमिकल इंजिनिअरिंग शिकणाऱ्याला हा पाण्याचा हिशोब चुकत नाही.

एक गोष्ट तरीही उरली होती, बाहेर पडणाऱ्या पाण्यातला ऑक्सिजन अल्कोहोलचा की अ‍ॅसिडचा? 1938 मध्ये रॉबर्ट्स आणि युरी यांनी जड ऑक्सिजन-18 असलेलं मेथॅनॉल घेऊन बेंझोइक अ‍ॅसिडबरोबर एस्टर बनवलं, आणि तो जड ऑक्सिजन एस्टरमध्येच सापडला, पाण्यात नाही. म्हणून समीकरण लिहिताना ओएच अ‍ॅसिडचा काढायचा, अल्कोहोलचा फक्त एच.