मीटर चौदा दाखवतोय, खरं पंपाला साडेदहाच मिळतंय

गोव्याहून बेळगावला परतताना केरी मागं पडलं की चोर्ला घाट लागतो आणि आमची पेट्रोल गाडी बरोबर तिथंच दम टाकायची. सपाटीला एकदम झकास, काय म्हणून तक्रार नाही, खरं चढाला ॲक्सिलरेटर पार तळाला लावला तरी पिकअप शून्य, सेकंडवर रडत रडत वर यायचं आणि मागं ट्रकवाले हॉर्न मारून जीव खाणार. कणकुंबी आली की परत काहीच झालं नाही अशी पळायची.

प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला. मग एका गॅरेजात स्कॅनर लावला तर कोड आला पी ०१७१, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. त्यावर त्यांनी ऑक्सिजन सेन्सर नवीन घातला. आता बघा, हा सेन्सर सायलेन्सरच्या पाईपात बसून इंजिनात काय जळालं ते सांगत असतो, तो खरंच बोलत होता, आम्ही निरोप आणणाऱ्यालाच बडवला. स्कॅनर त्रास कुठला ते सांगतो, तो कशामुळं ते शोधायचं काम आपलंच असतंय.

पेट्रोल कमी का पडतंय? टाकीतला पंप बघायचं ठरलं. मेकॅनिकनं पंपाचा कनेक्टर काढला, मीटर लावला, १२.५ व्होल्ट. "करंट फुल्ल आहे, पंपच गेला असणार." पंप महाग असतोय ओ, म्हणून मी जरा थांबलो, आणि तेच बरं झालं.

कारण कनेक्टर काढून मोजलेलं व्होल्टेज फसवतं. बेळगावात राकसकोप धरणाचं पाणी नळाला येतं ते आठवा. पाईप गाळानं निम्मा चोंदलेला असला तरी नळ बंद असताना आत प्रेशर पूर्णच असतं, नळ सोडला की धार बारीक. वायरीचं तसंच. जॉर्ज ओहम या जर्मन माणसानं १८२७ साली मांडलेला नियम आपण शाळेत घोकलाय, व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध. करंटच वाहत नसेल तर गंजलेला जॉइंट व्होल्टेज काहीच खात नाही, मीटरमधून जातो तो करंट नसल्यातच जमा. दहा तारांतली एकच शिल्लक असली तरी मीटर फुल्ल दाखवणार.

म्हणून मोजायचं ते लोड चालू असताना, म्हणजे पंप फिरत असताना. रविवारी मेहुण्याला बोलावलं ("दाजी, विकून टाका की ओ" हे त्याचं पहिलं वाक्य), मागची सीट काढली, कनेक्टर जागेवरच ठेवून मागच्या बाजूनं बारीक पिन घालून मीटर लावला आणि गाडी चालू केली. बॅटरीवर १४.१, पंपावर १०.६! साडेतीन व्होल्ट वाटेतच गायब. मग लांब वायर घेऊन दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या. बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत ०.३, ते चालतंय. पंपाच्या अर्थपासून (म्हणजे मायनसच्या वायरीपासून, ती गाडीच्या बॉडीला जोडलेली असते) बॅटरीच्या मायनसपर्यंत ३.२! बॉडीला जिथं अर्थचा बोल्ट मारलाय तिथं पावसाचं पाणी झिरपून गंज धरलेला, आणि बोल्टला हात लावला तर चक्क गरम. गरम असणारच, पंप साधारण ६ अँपिअर ओढतो, ३.२ गुणिले ६ म्हणजे १९ वॅट त्या गंजात जळत होते.

मग सपाटीला का चालायची? पंप नेहमी गरजेपेक्षा जास्तच पेट्रोल ढकलत असतो, उरलेलं टाकीत परत जातं. साडेदहा व्होल्टवर मोटर हळू फिरते, सपाटीला तेवढंही पुरतं. चढाला इंजिन सगळंच मागतं, तिथं प्रेशर पडतं. रात्री लाईट, वायपर, ब्लोअर चालू असले की जास्तच रडायची, त्याचंही गणित तिथंच होतं, कारण बाकीच्या काही वायरीपण त्याच बोल्टला जोडलेल्या.

हीच टेस्ट स्टार्टरला पण चालते. गाडी खर्र खर्र करत उशिरा चालू होत असेल तर बॅटरी घ्यायला पळायच्या आधी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ च्या वर गेलं तर अर्थची केबल बघा. बॅटरी स्वतः कशी आहे ते वेगळं, रात्रभर थांबलेल्या गाडीत १२.६ च्या आसपास, चालू गाडीत १३.८ ते १४.५, चालू गाडीत याच्या खाली आलं तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडं वळायचं. फक्त पंपाजवळ काम करताना ठिणगी नको, पेट्रोलचा वास येत असला तर हातच लावू नका.

आम्ही आधी बॅटरीचा मायनस सोडला, बोल्ट काढून सँडपेपर मारला, घट्ट आवळून वर व्हॅसलीन लावलं. परत मोजलं, ३.२ चं ०.०५ झालं. पुढच्या वारीला चोर्ला थर्डवर चढलो, मेहुणा शेजारी गप्प. जुना ऑक्सिजन सेन्सर अजून डिकीत पडलाय, चांगला आहे तो.