आयबीआर वेल्डर सर्टिफिकेट आणि सिक्स-जी टेस्ट: कोणता कागद कशासाठी, पात्रता काय, कागदपत्रं काय लागतात

आयटीआयमधून नुकती बाहेर पडलेली पोरं, शटडाउनला गावोगाव जाणारे वेल्डर आणि छोटे फॅब्रिकेशनवाले, या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, की माझं सिक्स-जी (तिरप्या फिक्स पाइपवरची वेल्डिंग टेस्ट) झालंय तर स्टीमच्या लाइनवर चालेल का, का आयबीआर (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सप्रमाणे मिळणारं वेल्डरचं सर्टिफिकेट) वेगळं काढावं लागेल. उत्तर सरळ आहे, ते वेगळंच काढावं लागतं. पण ते का वेगळं हे नीट समजून घ्या, कारण याच गोंधळावर काही लोक पैसे कमावतात. पोराला बंद खोलीत एक प्लेट जोडायला लावतात, रंगीत सर्टिफिकेट देतात आणि हजारो रुपये घेतात, मग गेटवर क्यूसीवाला (कंपनीचा क्वालिटी तपासणारा) तो कागद बघून परत पाठवतो.

आयबीआरचा कागद सरकार देतं आणि तो वेल्डरच्या नावावर असतो. सिक्स-जी म्हणून आपण जे बोलतो ते बहुतेक वेळा अस्मे या अमेरिकन संस्थेच्या कोडमधल्या सेक्शन नाइनप्रमाणे झालेलं क्वालिफिकेशन असतं आणि ते कंपनी देते, कंपनीच्या जबाबदारीवर, कंपनीच्याच कामापुरतं. म्हणजे नोकरी सोडली की आयबीआर तुमच्या सोबत येतं आणि सेक्शन नाइनवालं तिथंच राहतं, नवीन कंपनी परत टेस्ट घेणार म्हणजे घेणार. त्यात राग मानायचं कारण नाही, कोडमध्येच तसं आहे.

आधी आयबीआर. जुना १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन आता बॉयलर कायदा २०२५ आलाय, पण वेल्डरच्या परीक्षेचे नियम १९५० च्या इंडियन बॉयलर रेग्युलेशन्समध्ये, तेराव्या प्रकरणात दिलेत. हे फक्त बॉयलरच्या आतल्या ट्यूबला लागू आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही. स्टीमचं प्रेशर ३.५ किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) वर असेल तर ती पाइपलाइन आयबीआरमध्ये येते, आणि पाइपचा आतला व्यास २५४ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर १ किलोच्या वरच येते. साखर कारखाना, को-जन (स्टीम आणि वीज एकत्र बनवणारा प्लांट), डेअरी, फार्मा, कापड प्रोसेसिंग, जिथं स्टीम फिरते तिथं हे लागतं. हवेची, तेलाची, साध्या पाण्याची लाइन यात नाही, मग प्रेशर कितीही असो, पण थेट बॉयलरला पाणी देणारी फीड लाइन मात्र यात येते. त्यामुळे कामावर जायच्या आधी लाइनमधून काय जाणार आणि प्रेशर किती, एवढं तरी विचारून घ्या.

पात्रतेत पहिली अट वयाची, १८ पूर्ण पाहिजेत. दुसरी म्हणजे वेल्डिंगचं रीतसर ट्रेनिंग किंवा कामाचा अनुभव दाखवता आला पाहिजे. आयटीआयचा वेल्डर ट्रेड आठवी पासवर मिळतो आणि एक वर्षाचा आहे, तो केलेला असेल तर ट्रेनिंगचा पुरावा तयारच असतो. पाइप वेल्डरचा वेगळा ट्रेडसुद्धा आहे, जवळच्या आयटीआयमध्ये असेल तर तोच घ्या, नंतर खूप सोपं जातं. आयटीआय नसेल तर जिथं काम केलं तिथला लेटरहेडवरचा दाखला लागतो, त्यात कधीपासून कधीपर्यंत, कोणती प्रोसेस, कसल्या पाइपवर हे स्पष्ट लिहून घ्या. नुसतं "आमच्याकडे कामाला होता, वागणूक चांगली आहे" अशा दाखल्याचा काही उपयोग नाही.

महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालयाकडे आहे, कामगार विभागाच्या खाली येतं ते. अर्ज ऑनलाइन भरायचा. सोबत लागतं ते असं: फोटो, वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आयटीआयचं सर्टिफिकेट किंवा अनुभवाचा दाखला, फी भरल्याची पावती, आणि आधीचं आयबीआर सर्टिफिकेट असेल तर त्याची कॉपी. बहुतेक वेल्डर कंपनीमार्फत किंवा कॉन्ट्रॅक्टरमार्फत अर्ज करतात कारण टेस्टची जागा, मशीन, पाइप आणि रॉड उभं करायला कुणीतरी लागतंच, त्यामुळे कंपनीचं पत्रही सोबत जोडलेलं बरं. टेस्टच्या पाइपचं मिल टेस्ट सर्टिफिकेट आणि रॉडचं किंवा फिलर वायरचं बॅच सर्टिफिकेट हे दोन कागद हमखास विसरले जातात, ते आधीच फाइलला लावा. आणि नाव! आधारवर एक, आयटीआयवर एक आणि दाखल्यावर तिसरंच असं असतं, वडिलांचं नाव कुठं आहे कुठं नाही, आडनावाचं स्पेलिंग वेगळं, त्यात अर्ज अडकतो. अर्ज भरायच्या आधी ते दुरुस्त करून घ्या. फी सरकारी पद्धतीनं भरायची आणि पावती जपून ठेवायची, रोख पैसे कुणाच्या हातात द्यायचे नाहीत.

टेस्ट बॉयलर इन्स्पेक्टरच्या समोर होते. कुपनवर (टेस्टसाठी जोडायच्या पाइपच्या तुकड्यावर) आधी त्यांचा पंच बसतो, मग त्यांच्या देखत जोड मारायचा, मग तपासणी आणि लॅबची टेस्ट. पास झालात की सर्टिफिकेट मिळतं, त्यावर प्रोसेस, मटेरिअल, पोझिशन लिहिलेलं असतं आणि मुदत २ वर्षांची. सर्टिफिकेट हातात आलं की पहिल्यांदा ती मर्यादा वाचा. आर्कवर (रॉडच्या वेल्डिंगवर) टेस्ट दिली असेल तर आर्गनचा (टिग वेल्डिंगचा) जोड त्या कागदात येत नाही.

फॅब्रिकेशनवाल्यांसाठी इथंच एक गोष्ट सांगतो. आयबीआर वेल्डर कामाला ठेवला म्हणजे स्टीम लाइनचं काम घ्यायला मोकळे झालो असं होत नाही. फर्मला स्वतःला संचालनालयाची मान्यता लागते, ड्रॉइंग मंजूर करून घ्यावं लागतं, पाइप फॉर्म ३-ए सोबत आणि व्हॉल्व्ह, फिटिंग फॉर्म ३-सी सोबत (हे आयबीआरचे तपासणीचे दाखले) घ्यावे लागतात. बाजारातून साधा पाइप उचलून आणला तर जोड कितीही सुंदर असो, लाइन पास होणार नाही.

आता सेक्शन नाइन. इथं क्रम महत्त्वाचा आहे आणि निम्म्या ठिकाणी तो उलटा होतो. आधी प्रोसिजर सिद्ध करायची, मग वेल्डर. डब्ल्यूपीएस म्हणजे जोड कसा मारायचा ते लिहिलेला कागद, म्हणजे बेवल किती, गॅप किती, कोणता रॉड, अँपिअर किती, प्रीहीट किती. ती बरोबर आहे हे दाखवायला एक कुपन मारायचं, मारताना प्रत्यक्ष किती अँपिअर-व्होल्ट होते ते लिहून घ्यायचं, आणि लॅबमध्ये ते तोडून, वाकवून बघायचं, साध्या कामाला २ टेन्साइल आणि ४ बेंड. त्याचा रेकॉर्ड म्हणजे पीक्यूआर. हा पीक्यूआर नंतर कुणी "थोडा बदलून द्या" म्हणाला तर देऊ नका, जे घडलं त्याची ती नोंद आहे. बदल करायचा तो डब्ल्यूपीएसमध्ये. आणि पीक्यूआरचं कुपन ज्या वेल्डरनं मारलं तो पास झाला की त्याच्या मर्यादेत आपोआप क्वालिफाय होतो, त्याची वेगळी टेस्ट घ्यायची गरज नाही, हे बऱ्याच छोट्या कंपन्यांना माहीतच नसतं.

मटेरिअलच्या बाबतीत प्रोसिजर आणि वेल्डर यांचे नियम वेगळे आहेत. कोडमध्ये मटेरिअलचे पी-नंबरनं गट केलेत; ए १०६ ग्रेड बी हा कार्बन स्टीलचा पाइप म्हणजे पी-१, त्यावरच्या पीक्यूआरनं एसएस ३०४ चा, म्हणजे पी-८ चा जोड मारता येत नाही, नवीन पीक्यूआर करावा लागतो. पण वेल्डरनं कार्बन स्टीलवर टेस्ट दिली असेल तर वेल्डर म्हणून तो एसएसवरही चालतो, अट रॉडच्या एफ-नंबरची, म्हणजे रॉडच्या गटाची. ७०१८ हा एफ-४ आणि एसएसचा ३०८-एल रॉड एफ-५, म्हणून आर्कला वेगळी टेस्ट, पण आर्गनमध्ये ७०एस-२ आणि ३०८-एल दोन्ही सॉलिड वायर एफ-६ मध्येच येतात म्हणून तिथं एका टेस्टमध्ये भागतं.

सिक्स-जी म्हणजे पाइप ४५ अंशात फिक्स, एकदा स्टँडला लावला की हलवायचा नाही, फिरवायचा नाही. घड्याळाचे आकडे धरले तर सहाच्या जागेपासून चालू करून दोन्ही बाजूंनी बाराकडे वर जायचं. पोरं नापास होतात ती बहुतेक सहाच्या जागेवर, कारण तिथं डोक्यावरचं वेल्डिंग असतं, पातळ मेटल खाली लोंबतं आणि रूट (सगळ्यात आतला पहिला थर) आतून ओढला जाऊन खड्डा पडतो. गॅप आधीच टॅक (पाइप धरून ठेवायचे छोटे जोड) मारताना एकसारखा ठेवला, टॅकची दोन्ही टोकं ग्राइंडरनं निमुळती केली आणि जिथं थांबलात तिथूनच परत उचललं तर निम्मी टेस्ट तिथंच जिंकली. कॅपिंग (सगळ्यात वरचा थर) चकचकीत करण्यात वेळ घालवणारे खूप बघितलेत, एक्स-रेला तुमची कॅप नाही तुमचा रूट दिसतो. भेग, लॅक ऑफ फ्युजन (मेटल एकमेकांत नीट न मिसळणं), रूट अर्धवट राहणं, यातलं काहीही निघालं तर नापास, त्याला कितीपर्यंत चालेल अशी सूटच नाही. बेंड टेस्टला उघड्या तोंडाचा दोष ३ मिलिमीटरपर्यंत चालतो, त्याच्यावर नाही.

कुपनची साइज कशी निवडायची हे कॉन्ट्रॅक्टरनं नीट बघावं, कारण इथं पैसे वाचतात किंवा वाया जातात. २ इंची पाइप, बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर, यावर टेस्ट दिली की २५ मिलिमीटर व्यासापासून वर सगळं चालतं. ६ इंचीवर दिली तर ७३ मिलिमीटरपासून वर. मग १ इंची ड्रेन लाइनचा जोड मारायला त्याला बसवलं तर ते नियमाबाहेर होतं. जाडीचं आणखी अवघड आहे. जेवढं मेटल भरलं त्याच्या दुपटीपर्यंत परवानगी, आणि १३ मिलिमीटर किंवा जास्त किमान तीन थरांत भरलं तर मर्यादा नाही. पण हे प्रत्येक प्रोसेसला वेगळं मोजायचं! समजा ६ इंची शेड्यूल १२० पाइप घेतला, जाडी १४.२७. रूटला आर्गननं ४ मिलिमीटर भरलं आणि वर आर्कनं १०.२७. लोक म्हणतात १४ झालं, म्हणजे अनलिमिटेड. नाही हो. आर्गनला ८ मिलिमीटरपर्यंत आणि आर्कला साधारण २०.५ पर्यंत, एवढंच. मेन स्टीम लाइनच्या जाड पाइपवर काम असेल तर कुपन त्या हिशोबानं जाड घ्या, नाहीतर थर्ड पार्टीवाला (बाहेरचा तपासणारा) सगळे जोड अडवून ठेवतो आणि तेव्हा त्याचंच बरोबर असतं.

कुपन बाहेरच्या लॅबमध्ये बेंडला पाठवता येतं, एक्स-रेही बाहेर करता येतो, पण कुपन मारताना देखरेख आणि शेवटची सही कंपनीची पाहिजे. म्हणून कुठल्याही इन्स्टिट्यूटनं "आमचं सर्टिफिकेट जगभर चालतं" म्हटलं तर तिथून उठा. प्रॅक्टिससाठी इन्स्टिट्यूट चांगली आहे, जरूर जा, हात तिथंच बसतो. गल्फला जायचं असेल तरी मुंबईत एजंटकडे ट्रेड टेस्ट होते आणि तिथं साइटवर पोचल्यावर क्लायंट परत घेतो. गावाबाहेरून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गॅस लाइनचं काम तर वेगळ्याच स्टँडर्डवर, एपीआय ११०४ वर चालतं. तिथं सेल्युलोजच्या रॉडनं वरून खाली मारत येतात, आणि खालून वर दिलेल्या सिक्स-जीनं ते काम करता येत नाही.

सेक्शन नाइनच्या कागदाला तारखेची मुदत नसते, मुदत असते कामाची. एखाद्या प्रोसेसवर ६ महिने हात लावला नाही तर त्या प्रोसेसचं क्वालिफिकेशन संपतं. वर्षभर नुसतं आर्गन मारलं तर आर्गन चालू आणि आर्क गेलं. म्हणून कंपनीत कंटिन्युइटी लॉग ठेवलेला असतो, त्यात आपलं नाव दर ६ महिन्यांच्या आत दोन्ही प्रोसेसला चढतंय ना हे वेल्डरनं स्वतः जाऊन बघावं, क्यूसीवाल्यावर सोडू नये. गेलंच तर घाबरायचं नाही, त्या प्रोसेसचं एकच कुपन, कुठल्याही पोझिशनला, कुठल्याही जाडीवर, पास केलं की आधीचं सगळं परत चालू होतं.

टेस्टच नापास झाली तर दोन रस्ते आहेत. लगेच परत द्यायची असेल तर नापास झालेल्या पोझिशनला लागोपाठ दोन कुपन मारायचे आणि दोन्ही पास पाहिजेत. नाहीतर आणखी प्रॅक्टिस करून, तशी नोंद ठेवून, नव्यानं एक टेस्ट. माझं मत विचाराल तर दुसरा रस्ता घ्या, त्याच दिवशी थकलेल्या हातानं दोन कुपन मारण्यात बहुतेकांचं आणखी बिघडतं. आयबीआरचं नूतनीकरण मात्र तारखेवर असतं, २ वर्षं संपायच्या दोन-तीन महिने आधीच अर्ज टाका, कारण गाळप हंगामाच्या तोंडावर सगळे कारखाने एकदमच वेल्डर मागतात आणि इन्स्पेक्टरची तारीख मिळता मिळत नाही.