त्रिशुंड गणपती मंदिर

पुण्याच्या सोमवार पेठेत, नागझरीच्या काठी, कमला नेहरू रुग्णालयाजवळ असलेले अठराव्या शतकातील पाषाणी मंदिर. पेशवेकालीन पुण्यातील बऱ्याच देवळांना लाकडी सभामंडप आणि विटा-चुन्याचे शिखर आहे. हे मंदिर काळ्या दगडात उभारलेले असून त्याची दर्शनी भिंत शिल्पांनी भरलेली आहे. घडणीच्या दृष्टीने शहरातील पेशवेकालीन वास्तूंत याची जोड सापडणे कठीण.

इंदूरजवळच्या धामपूरचे भीमजीगिरी गोसावी यांनी २६ ऑगस्ट १७५४ रोजी बांधकामास प्रारंभ केला आणि १७७० च्या सुमारास ते पुरे झाले, असे सामान्यतः मानतात. ‘पुरे झाले’ हे शब्द जपूनच घ्यावे लागतात, कारण शिखराचे काम अखेरपर्यंत गेलेले दिसत नाही. गर्भगृहाच्या भिंतीवर तीन शिलालेख आहेत : दोन संस्कृत, एक फारसी. संस्कृत लेखांपैकी एकात भगवद्गीतेतील श्लोक कोरलेले आहेत. गणपतीच्या देवळात फारसी लेख पाहून आज अनेकांना नवल वाटते. पण त्या काळी फारसी ही उत्तरेतील दरबारांची व दप्तरांची भाषा होती आणि गोसाव्यांचा वावर थेट तिथपर्यंत होता.

भीमजीगिरी या नावातील ‘गिरी’ हे दशनामी, म्हणजे शंकराचार्यांची परंपरा सांगणाऱ्या संन्याशांच्या दहा नावांपैकी एक. अठराव्या शतकातील दशनामी गोसावी केवळ भिक्षेवर जगणारे नव्हते. त्यांच्या मठांतून सावकारी आणि दूरवरचा व्यापार चाले, आखाडे शस्त्रही बाळगत. सोमवार पेठेतील त्यांची वस्ती गोसावीपुरा या नावाने ओळखली जाई. (चिंचवडच्या मोरया गोसावींच्या गाणपत्य परंपरेशी या दशनामींची गल्लत करू नये.)

दशनामींचे उपास्य शिव, म्हणून मूळ संकल्प शिवमंदिराचा असावा असे मत पुढे आले आहे आणि शिल्पे त्याला पुष्टी देतात. बाह्यभिंतींवर नटराज आहे, तसेच लिंगोद्भवही आहे : आदिअंत नसलेला ज्योतिर्मय स्तंभ, त्याचे टोक शोधायला वर झेपावलेला हंसरूपी ब्रह्मा, तळ शोधायला खाली गेलेला वराहरूपी विष्णू. लिंगोद्भवाचे अंकन दक्षिणेतील देवळांच्या मागील भिंतीवर नेहमीचे आहे, महाराष्ट्रात ते विरळा. कारागीर कोठले, या प्रश्नाची वाट याच शिल्पापासून सुरू होते.

गर्भगृहातील मूर्ती एका मुखाची, तीन सोंडांची, सहा हातांची असून मयूरावर बसलेली आहे. एक सोंड मोदकपात्राला लागलेली, दुसरी पोटावर विसावलेली आणि तिसरी मांडीवर बसलेल्या शक्तीच्या (देवीच्या) हनुवटीला स्पर्श करणारी. मयूर आणि सहा हात यांचा उलगडा गणेशपुराणातून होतो. त्यात युगपरत्वे चार अवतार सांगितले आहेत आणि त्रेतायुगातील मयूरेश्वर षड्भुज, मयूरवाहन, सिंधुदैत्याचा वध करणारा आहे. पुणे जिल्ह्यातील मोरगावचे दैवत तेच. तीन सोंडा मात्र या वर्णनात बसत नाहीत. त्या त्रिगुणांच्या किंवा तीन लोकांच्या निदर्शक आहेत, हे स्पष्टीकरण मागाहून जोडलेले वाटते.

सर्वाधिक चर्चा झाली ती दर्शनी भिंतीवरील गेंड्याच्या शिल्पाची. टोपी घातलेले बंदूकधारी सैनिक एकशिंगी गेंड्याला साखळदंडांनी जखडत आहेत, असा हा प्रसंग. शेजारीपाजारी मोर, पोपट, माकडे, हत्ती असा देवळांना शोभणारा परिवार असताना मध्येच ही बेडी दिसते आणि पाहणारा थबकतो. सैनिक टोपीकर, म्हणजे युरोपीय, याबद्दल फारसा वाद नाही. प्लासीच्या लढाईनंतर (२३ जून १७५७) इंग्रजांनी बंगाल व आसाम ताब्यात घेतले, त्याचे हे रूपक, असा अर्थ रूढ झाला आहे. यातील आसामचा भाग कालदृष्ट्या टिकत नाही : आसाम इंग्रजांकडे गेला तो ब्रह्मदेशाशी झालेल्या यांदाबूच्या तहाने, १८२६ मध्ये. गेंडा म्हणजे आसाम हे समीकरण आपल्या काळातले आहे. तेव्हा सुंदरबनात आणि उत्तर बंगालच्या तराईतही गेंडे होते. दुसऱ्या मतानुसार हे केवळ दुर्मिळ प्राण्याचे चित्रण. पेशव्यांच्या शिकारखान्यात गेंडा होता आणि चित्रकार गंगाराम तांबट यांनी १७९० मध्ये त्याचे चित्रही काढले. पण ते मंदिरानंतर वीस वर्षांनी, आणि त्यामुळे बंदुका नि साखळदंड यांचा खुलासा होत नाही.

केवळ बंगालपुरते रूपक मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ऑगस्ट १७६५ मध्ये बंगालची दिवाणी (महसूल वसुलीचा अधिकार) ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली, त्या वेळी मंदिराचे काम चालू होते. त्याच दशकात बंगालमध्ये संन्यासी व फकिरांच्या टोळ्यांच्या कंपनीशी चकमकी सुरू झाल्या होत्या आणि त्या संन्याशांत दशनामी मोठ्या संख्येने होते. तिकडची बातमी यात्रेकरू आणि हुंड्यांच्या वाटेने गोसावीपुऱ्यात पोहोचणे अवघड नव्हते. तसे असेल, तर टोपीकरांच्या वाढत्या सत्तेची पुण्यात दगडावर झालेली ही फार लवकरची नोंद ठरते, आणि तीही दरबाराची नव्हे, एका मठाची.

गर्भगृहाखाली तळघर असून तेथे महंत दत्तगुरू गोस्वामी यांची समाधी आहे. दशनामींत संन्याशाला अग्नी न देता समाधी देतात. तळघरात पाणी साचलेले असते. गुरुपौर्णिमेला ते उपसून समाधी दर्शनासाठी खुली करतात.