मातीतले धातू: 'उपलब्ध' तपासायचे की 'एकूण'?

"सगळे धातू तपासून द्या, किती होतील?" आमच्या प्रयोगशाळेत मातीचा नमुना घेऊन येणारे बरेच जण हेच विचारतात. आम्ही उलट विचारतो, उसावर केवडा पडलाय (पानं पिवळी पडलीत) म्हणून आलात की पाणी नदीचं आहे म्हणून? या दोन तपासण्या वेगळ्या आहेत.

केवड्यासाठी 'उपलब्ध' सूक्ष्म अन्नद्रव्यं बघायची. डीटीपीए या धातू पकडून ठेवणाऱ्या रसायनाच्या द्रावणात माती दोन तास हलवून, गाळून, पिकाला घेता येईल एवढंच लोह, जस्त, मंगल (मँगनीज), तांबं मोजतात. जस्त ०.६ पीपीएमच्या (म्हणजे किलोभर मातीत ०.६ मिलिग्रॅमच्या) किंवा लोह ४.५ पीपीएमच्या खाली आलं की कमतरता समजायची. गंमत अशी, की आपली काळी जमीन बेसाल्टची, तिला लोहाची वाण नाही. पण चुनखडी असली आणि सामू (पीएच) आठच्या वर गेला, की तेच लोह मुळांना मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा रानात फेरस सल्फेट शेणखतात मुरवूनच द्या; नुसतं फेकलेलं बरंचसं मातीतच अडकून बसतं.

पुण्याचं सांडपाणी मिसळलेल्या मुळा-मुठेच्या पाण्यावर मांजरी-थेऊरकडे पालेभाज्या घेत असाल तर 'एकूण' धातू तपासा. यात माती तीव्र आम्लात तापवतात. कॅडमियमकडे आधी बघा, कारण पालकासारखी भाजी ते पानांत साठवते. निकेल, क्रोमियम, तांब्याचे आकडे मोठे दिसले तर लगेच धसका घेऊ नका. हे धातू बेसाल्टमध्ये मुळातच भरपूर असतात. शिसं आणि कॅडमियम मात्र त्यात थोडंच असतं, ते वाढलेलं दिसलं तर बाहेरून आलंय का हे शोधावं लागतं. म्हणून त्याच शिवारातल्या, तशाच मातीच्या पण नदीचं पाणी कधी न लागलेल्या तुकड्यातला एक नमुना सोबत आणा. त्याचे पैसे वेगळे पडतात, पण तुलनेला काही नसेल तर नुसत्या आकड्यावरून आम्ही ठाम बोलत नाही.

नमुना घेताना गंजलेलं फावडं नको, जस्ती बादली तर नकोच. मागे एक नमुना झिंक सल्फेटच्या रिकाम्या पिशवीतून आला होता. जस्ताचा आकडा असा आला, की मशीन बिघडलं म्हणून आम्ही दोनदा तपासलं! प्लॅस्टिकचं घमेलं आणि लाकडी खुरपणी घ्या. बांध, झाडाची सावली, उकिरडा सोडून आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल 'व्ही' आकाराचा खड्डा करा, कडेची माती खरवडून एकत्र कालवा, सावलीत वाळवा. अर्धा किलो पुरते. कोऱ्या पिशवीत गट नंबर, मागचं पीक आणि पाणी कुठलं ते लिहिलेली चिठ्ठी टाका, शाईपेनाने नको, पेन्सिलने.