बगदादचे दोन हुकूम : ‘नो एंड इन साइट’ची पार्श्वभूमी

चार्ल्स फर्ग्युसन यांचा ‘नो एंड इन साइट’ हा माहितीपट २००७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा अमेरिकी फौजा इराकमध्ये शिरून चार वर्षे होत आली होती. युद्ध करायला हवे होते की नाही, या वादात तो फारसा पडत नाही. देश जिंकल्यावर तो चालवायचा कसा, याचा विचार बुश सरकारने केला होता का, एवढेच तो विचारतो आणि उत्तर त्या सरकारच्याच अधिकाऱ्यांकडून वदवून घेतो.

या प्रश्नाची मुळे २००३ च्या पहिल्या पाच महिन्यांत आहेत. युद्धोत्तर कारभारासाठीचे कार्यालय निवृत्त जनरल जे गार्नर यांच्याकडे सोपवले गेले ते २० जानेवारीच्या आदेशाने, म्हणजे हल्ल्याला जेमतेम दोन महिने उरले असताना. ताबा राखण्यासाठी काही लाख सैनिक लागतील, असे लष्करप्रमुख एरिक शिन्सेकी यांनी फेब्रुवारीत सिनेटच्या समितीला सांगितले. दोनच दिवसांत उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी तो अंदाज उडवून लावला. ९ एप्रिलला बगदाद पडले. त्यानंतरच्या लुटीत राष्ट्रीय संग्रहालयातून सुमारे १५,००० वस्तू गेल्या, राष्ट्रीय ग्रंथालय जळाले. अमेरिकी पहारा होता तो तेल मंत्रालयावर.

मे महिन्यात गार्नर यांच्या जागी पॉल ब्रेमर इराकचे अमेरिकी प्रशासक म्हणून आले. त्यांच्या १६ मेच्या पहिल्या हुकुमाने सद्दाम हुसेन यांच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीला सरकारी नोकरीतून काढले. २३ मेच्या दुसऱ्या हुकुमाने इराकी सैन्यच बरखास्त केले. अमेरिकी कर्नल पॉल ह्यूजेस त्या आधीपासून बगदादमध्ये इराकी सैन्याच्या अधिकाऱ्यांशी बोलणी करत होते आणि परत कामावर येऊ इच्छिणाऱ्या लाखाहून अधिक सैनिकांची नावे नोंदवली गेली होती. ह्यूजेस यांनाही कोणी आधी विचारले नाही. हत्यार चालवता येणारी आणि पगार तुटलेली लाखो माणसे त्या एका कागदाने रस्त्यावर आली.

सैन्य आधीच आपोआप विखुरले होते, असा बचाव ब्रेमर यांचे सल्लागार वॉल्टर स्लोकम यांनी कॅमेऱ्यासमोर केला आहे. त्याची मांडणी ऐकण्याजोगी आहे, पण ह्यूजेस यांच्या याद्यांपुढे ती टिकत नाही. माहितीपट अमेरिकेत प्रदर्शित झाला त्याच वर्षी, सैन्य कायम ठेवण्याचेच धोरण होते, असे खुद्द बुश यांनी आपल्या चरित्रकाराला सांगितल्याचे प्रसिद्ध झाले; तेव्हा ब्रेमर यांनी अध्यक्षांना लिहिलेले आपले जुने पत्र वृत्तपत्राकडे दिले. त्यात सैन्य बरखास्तीचा उल्लेख होता आणि तारीख होती २२ मे २००३.